पुसलेल्या नावासाठी चेन्नईला

इंदूमावशींच्या ट्रॅक्टरवरचं नाव खरवडून काढायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. ते परत आणायला मात्र चेन्नई गाठावी लागली. लोक तिकडे समुद्र बघायला जातात, देवळं बघायला जातात, डोळ्यांच्या ऑपरेशनला जातात. मी चार अक्षरं शोधायला गेलो होतो, आणि समुद्र न बघताच परत आलो म्हणून बायको अजून नाराज आहे.

आधी गुन्हा कबूल करतो. वाळवा तालुक्यात माझं गॅरेज आहे. पोटापाण्यासाठी चालू ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि हौसेसाठी जुने, गंजलेले, गोठ्यामागे टाकून दिलेले ट्रॅक्टर उभे करतो. इंदूमावशी नात्यानं माझ्या कुणी नाहीत. गावातल्या सगळ्यांच्याच त्या मावशी. वय ऐंशी. त्यांचे यजमान लग्नानंतर काही वर्षं मद्रासच्या बंदरात फिटर होते. तिथे जहाजातून उतरलेला एक लाल विलायती ट्रॅक्टर त्यांनी घेतला, तिथल्याच पेंटरकडून बॉनेटच्या डाव्या बाजूला बायकोचं नाव देवनागरीत रंगवून घेतलं आणि मालगाडीनं मिरजेला पाठवला. पुढे ते गावी आले आणि चार वर्षांत वारले. त्यानंतर तीस वर्षं तो ट्रॅक्टर मावशींनी स्वतः चालवला. पंचक्रोशीत तेव्हा ट्रॅक्टर चालवणारी दुसरी बाई नव्हती. 'इंदुमती' असं पिवळ्या अक्षरांत, काळ्या सावलीसकट लिहिलेलं ते बॉनेट बांधावरून येताना दिसलं की लोक बैलं बाजूला घ्यायचे.

ट्रॅक्टर माझ्याकडे सोपवताना मावशींनी एकच अट घातली होती. "दत्ता, इंजनाचं काय करायचं ते कर. पर नावाला हात लावू नगंस."

मी नावावर कागद चिकटवला. मग आठवणीसाठी फोटो काढला. म्हणजे माझ्या हुशारीची कमाल बघा, फोटोत नाव नव्हतं, नावावरचा कागद होता. दोन दिवसांनी बॉनेट धुताना तो कागद सुटून गेला, आणि तिसऱ्या दिवशी मी सकाळच्या तंद्रीत सँडर घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गंज काढत सुटलो. मशीन बंद केलं तेव्हा समोर स्वच्छ, चकचकीत पत्रा होता. चाळीस वर्षं हे काम करणारा माणूस मी, त्या पत्र्यावर हात फिरवून नाव शोधत बसलो.

मावशींना सांगायची हिंमत झाली नाही. नवा लाल रंग मारला, इस्लामपूरच्या रेडियमवाल्याकडून कॉम्प्युटरवर 'इंदुमती' कापून आणलं आणि चिकटवलं. मावशी आल्या. नावाच्या कडेवरून त्यांनी नखानं एकदा खरडून बघितलं. "बरं झालंय," म्हणाल्या आणि गेल्या. संध्याकाळी त्यांचा निरोप आला, की कोल्हापूर रोडचा हॉटेलवाला दारात शोभेला ठेवायला जुना ट्रॅक्टर मागत होता, त्याला देऊन टाक. म्हणजे तीस वर्षं ज्याच्यावर बसल्या तो ट्रॅक्टर त्यांना आता नकोसा झाला होता, आणि तो नकोसा मी केला होता. मी त्यांच्या घरी गेलो, सगळं खरं सांगितलं आणि एक महिना मागून घेतला. त्यांनी मान डोलावली.

धागा एकच होता. टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत, ग्रीसच्या थराखाली, बारीक इंग्रजी अक्षरांत 'गणपतराव, पेंटर, मद्रास' असं लिहिलेलं सापडलं. मद्रासेत हा गणपतराव कुठला? माझ्या मुलानं शेकडो वर्षांपूर्वी तमिळ मुलखात जाऊन राहिलेल्या तंजावरच्या मराठी मंडळींचा कुठलासा ग्रुप शोधून त्यावर फोटो टाकला. आठ दिवसांनी फोन आला. "मी विद्या बोलते, चेन्नईहून. गणपतराव माझे आजोबा. अम्माकडे त्यांचे पेपर्स आहेत, तुम्ही या."

एग्मोर

पुण्याहून गाडी धरून एग्मोरला उतरलो. स्टेशन लाल-पांढरं, घुमटांचं, एखाद्या संस्थानिकाच्या कचेरीसारखं आहे. सकाळचे आठसुद्धा वाजले नव्हते आणि शर्ट पाठीला चिकटला होता. आमच्याकडे मे महिन्यात ऊन तापतं. इथे ऊन तापत नाही, शिजतं. स्टेशनसमोरच्या लॉजवर सामान टाकलं आणि खाली नाश्त्याला गेलो.

केळीच्या पानावर इडल्या, तीन चटण्या आणि सांबार आलं. मी आमच्या सवयीनं इडली सांबारात बुडवून चमच्यानं खायला लागलो, तर समोरचा गृहस्थ माझ्याकडे दयेनं बघत होता. तो बोटांनी इडलीचा तुकडा मोडून चटणीला लावत होता, सांबार वेगळं. मी चमचा बाजूला ठेवला. कॉफी पितळी वाटीत पेला उपडा घालून आली. ती एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून निववायची असते हे मी बघून शिकलो, आणि पहिल्याच प्रयत्नात निम्मी पँटवर ओतली. वेटर फडकं देऊन गेला. उरलेली निम्मी इतकी चांगली होती की मी अजून एक मागवली.

तिथूनच मेट्रो अण्णा नगरला जाते. गाडी थंडगार, स्वच्छ, आणि लोक गप्प. आमच्या एसटीत एवढ्या प्रवासात दोन लग्नं जमली असती. माझ्या पिशवीत मावशींच्या पुतण्याच्या लग्नातला एक काळा-पांढरा फोटो होता. त्यात ट्रॅक्टरपुढे वऱ्हाड उभं आहे, आणि दोन फेट्यांच्या मधून बॉनेटवरची दोनच अक्षरं दिसतात: 'दु' आणि 'म'. सगळी भिस्त त्या दोन अक्षरांवर होती.

अण्णा नगर

विद्या चाळिशीची, बँकेत नोकरीला. स्टेशनवर घ्यायला आली होती. मराठी बोलताना मधेच थांबायची, शब्द शोधायची आणि सापडला नाही की तमिळ किंवा इंग्रजी लावून पुढे जायची. "अम्माची मराठी खरी," ती म्हणाली. "माझी मिक्स."

तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दारात कोलम घातलेला होता, म्हणजे आपली रांगोळी, पण तांदळाच्या पिठाची आणि एका हातानं न थांबता काढलेली. विद्याची आई, म्हणजे गणपतरावांची मुलगी, गोमतीबाई पंख्याखाली बसल्या होत्या. सुती साडी, नाकात दोन्ही बाजूंना चमकी, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला.

"या, बैसा," त्या म्हणाल्या. "प्रवास चोखोट झाला?"

मी माझ्या नेहमीच्या झपाट्यानं सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. "हळू बोला पा. तुमची मराठी फार धांवते. आमची बैसून बोलते."

मग मी हळू सांगितलं. नाव खरवडल्याचं सांगताना त्यांनी डोळे मिटून घेतले. ट्रॅक्टर विकायला निघाल्याचं ऐकून विद्याला तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या. विद्यानं कपाटावरून पत्र्याची लांबट पेटी काढली. आत कागदांच्या गुंडाळ्या होत्या, प्रत्येक कागदावर टाचणीनं टोचलेल्या भोकांची अक्षरं. त्यांना त्या खाके म्हणत होत्या. भोकं पाडलेला कागद पत्र्यावर धरायचा, फडक्याच्या पुरचुंडीत खडूची पूड भरून वरून थोपटायची, की खाली ठिपक्यांनी अक्षर उमटतं. मग ब्रशनं भरायचं. एका कागदावर शंभर ट्रॅक्टर निघत.

ट्रॅक्टरच्या कंपनीचं नाव पाचव्या गुंडाळीत सापडलं. माझा जीव भांड्यात पडला. पण 'इंदुमती' कुठेच नव्हतं.

"नसणारच," गोमतीबाई म्हणाल्या. "कंपनीचें नांव शंभर वेळां लागतें, त्यास खाका. माणसाचें नांव एकदांच. तें हातानेंच लिहायचें."

"मग ते गणपतरावांबरोबरच गेलं म्हणायचं."

"आप्पांनी तें लिहिलेंच नाहीं. बाईचें नांव आप्पा कधीं लिहीत नव्हते. परक्या बाईचें नांव, त्यावर पुरुषानें दोन घंटे हात फिरवायचा, हें बरें दिसत नाहीं, असें आजी म्हणे. होड्या, लॉऱ्या, शिवणाची मशीन, ज्यावर बाईचें नांव पाहिजे, तें आमच्या घरीं येई. पहिलें माझी अम्मा लिही, मग मी."

विद्या हे पहिल्यांदाच ऐकत होती. "सो, आजोबांच्या दुकानात तू पेंटर होतीस? सांगितलं नाहीस कधी!"

"तूं विचारलेंस कधीं?"

मी लग्नाचा फोटो पुढे केला. "मग हे तुम्ही लिहिलंय?"

त्यांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं. "इंदुमती मज ठाऊक नाहीं. किती नांवें लिहिलीं, कोण लक्षांत ठेवतो? पण हा उकार माझा. पाहा, शेपूट वर उचललें आहे. आप्पा रागें भरत. म्हणत, गोमती, हें अक्षर आहे, मांजर नव्हे."

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडलो. जेवायला आंबट भाजी होती, पालक आणि चिंचेची, आणि डांगर पच्चडी म्हणून उडदाच्या भाजलेल्या पिठाची दह्यातली कोशिंबीर. आमच्याकडे डांगर म्हणजे पापडाचं पीठ. मी तसं म्हणालो तर गोमतीबाई म्हणाल्या, "एकच तें. तुम्ही वाळवतां, आम्ही खातों." तीन वेळा भात घेतला आणि चौथ्या वेळी त्यांनी न विचारताच वाढला.

दुपारी खाकी कागद जमिनीवर पसरला आणि त्या कोळसा घेऊन बसल्या. 'इं' काढायला सुरुवात केली. रेघ निघाली ती थरथरत. त्यांनी कागद उलटला. पुन्हा थरथर. तिसऱ्या कागदावर 'दु' जरा जमतोय असं वाटलं, तेवढ्यात मनगटानं झटका खाल्ला आणि कोळसा मोडला. त्यांनी कोळशाचे तुकडे गोळा केले. मग उठल्या, आत गेल्या आणि खोलीचं दार लावून घेतलं.

"दोन वर्षांपूर्वी रिस्ट फ्रॅक्चर झालं," विद्या हळूच म्हणाली. "हात शेक होतो. तिला वाईट वाटलंय."

वाईट मलाही वाटलं, आणि जास्त स्वतःचं. म्हातारीला उगाच दुखावलं, आणि परत जाऊन मावशींना काय सांगायचं? टॉवर पार्कमध्ये जाऊन बाकावर बसलो. शेजारी दोन आजोबा चालण्याचे बूट घालून बसून होते, चालत नव्हते. हॉटेलवाल्याच्या दारात, झेंडूच्या कुंड्यांमध्ये, चाकं रंगवलेला तो ट्रॅक्टर मला स्पष्ट दिसायला लागला. त्यावर पोरं चढून फोटो काढणार.

पॅरीज कॉर्नर

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. विद्या सकाळीच लॉजवर आली. "अम्माने सांगितलं, ब्रश आणि पेंट घेऊन या."

"म्हणजे त्या लिहिणार?"

"ठाऊक नाही. पण आज सकाळी तिने कापी घेतली नाही." कापी म्हणजे कॉफी, आणि हे सांगताना तिचा चेहरा असा होता, जणू घरात कुणाला ताप चढलाय. "लाइफमध्ये पहिल्यांदा. माझे फादर वारले त्या दिवशीही घेतली होती."

पॅरीज कॉर्नरच्या मागच्या गल्ल्या बघून मला एकदम घरी आल्यासारखं झालं. बेअरिंग, पट्टे, नट-बोल्ट, दोर, रंग. प्रत्येक गल्लीला एकेक धंदा, आणि मधून हातगाड्या. आमच्या सांगलीच्या बाजारात एका दुकानात सगळं मिळतं, इथे फक्त वॉशर विकणारं दुकान होतं. मी तिथे विनाकारण अर्धा तास काढला. विद्यानं घड्याळ दाखवलं तेव्हा निघालो.

अक्षरं लिहायचा ब्रश मिळेना. तीन दुकानांत नायलॉनचे दाखवले. गोमतीबाईंनी सांगितलं होतं, केस खारीचे, लांब, आणि ओला करून झटकला की टोक सुईसारखं झालं पाहिजे. चौथ्या दुकानातले मालक ऐकून हसले. फ्लेक्स आल्यापासून असला ब्रश कुणी मागितला नव्हता. माळ्यावर चढून त्यांनी धुळीनं माखलेला डबा काढला. विद्यानं एक ब्रश पाण्यात बुडवून झटकला. टोक झालं. असे तीन निघाले, तिन्ही घेतले.

पिवळा रंग निवडताना आमची हुज्जत झाली. मला लिंबासारखा आठवत होता. विद्यानं फोनवर आईला विचारलं. आई म्हणाली, लोण्यासारखा, त्यांत हळदीचें बोट. दुकानदारांनी पांढऱ्यात पिवळ्याचे थेंब टाकून तो बनवला, आणि झाकण लावायच्या आत मी डब्यावर कोपर टेकवलं. त्या दिवशीचा माझा शर्ट अजून लोण्यासारखाच आहे.

पुन्हा अण्णा नगर

रविवारी सहा वाजता फोन. "लगेच या म्हणते अम्मा. हात शेक होऊ नये म्हणून कापी न घेता दुसरा दिवस."

मी पोचलो तेव्हा गोमतीबाईंनी जमिनीवर पसरलेल्या कागदावर दोरीला खडू लावून दोन समांतर रेघा मारून ठेवल्या होत्या. हातात हातभर काठी होती, तिच्या टोकाला चिंध्यांचा गोळा. गोळा कागदावर टेकवला, काठीवर मनगट ठेवलं आणि श्वास सोडता सोडता खांद्यापासून हात ओढला. रेघ स्वच्छ उतरली. मी श्वास धरून बसलो होतो. "तुम्ही कां श्वास धरतां?" त्या न बघताच म्हणाल्या. "लिहितें मी."

फूटपट्टीला त्यांनी हातही लावला नाही. दोन अक्षरांमधलं अंतर कसं ठरवता, असं विचारलं तर म्हणाल्या, "मधल्या जागेंत सगळीकडे एक-एक वाटी पाणी मावलें पाहिजे. 'दु' आणि 'म' यांच्या मध्यें एक वाटी. 'म' आणि 'ती' यांच्या मध्यें एक वाटी. डोळ्यानें ओतून पाहायचें." मग सावली. सावली डावीकडे, खाली. आठ वाजेपर्यंत चारही अक्षरं कागदावर होती. मी फोटोतलं 'दुम' शेजारी धरलं. शेपूट तसंच वर उचललेलं होतं. मला भरून आलं, आणि तसं मी सांगितलंही. त्या म्हणाल्या, "विद्या, कापी."

पुढे दीड दिवस माझी शिकवणी. खाका टोचला. मागच्या बाजूला भोकांचे काठ वर येतात, ते पॉलिश पेपरनं घासून उडवायचे, नाहीतर पूड झिरपत नाही. पॉलिश पेपर फिरवण्यात माझा हात कोण धरणार! मोठ्या ऐटीत घासलं, जुन्या पत्र्यावर कागद लावला, पुरचुंडी थोपटली, कागद उचलला. नाव उलटं, आरशात बघावं तसं. घासलेली बाजू वर ठेवली होती मी. गोमतीबाई इतक्या हसल्या की विद्याला पाणी आणावं लागलं.

मग ब्रश. त्या पहिल्या पत्र्यावरचं माझं 'इं' बघून म्हणाल्या, "हें काय, बेडूक?" पाचवं बघून म्हणाल्या, "तुमचा हात नट आवळतो. अक्षर आवळायचें नाहीं, सोडायचें." तिसऱ्या प्रहरी काठीवर मनगट टिकायला लागलं. सोमवारी दुपारी तेराव्या पत्र्यावर नाव उतरलं. त्यांनी चष्मा पुसून बघितलं. "सेरी," म्हणाल्या. तमिळमध्ये सेरी म्हणजे ठीक, पण त्यांच्या तोंडून ते शाबासकीसारखं वाटलं.

मी खुशीत म्हणालो, "आता गावी जाऊन पहिलं काम हेच. बॉनेटवर लिहून टाकतो."

"तुम्ही?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ब्रश खाली ठेवला. "तुम्ही नाहीं लिहायचें. सांगितलें ना, बाईचें नांव पुरुषानें लिहायचें नाहीं."

"मग दीड दिवस मला कशाला शिकवलंत?"

"त्या इंदुमतीस शिकवायास. तिचें नांव, तीच लिहील."

"अहो, ऐंशी वर्षांच्या आहेत त्या!"

"मी एक्याऐंशीची. मग?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. दीड दिवस पाठ मोडून घेतली ती काय दुसऱ्याच्या हाती ब्रश द्यायला? विद्या मध्ये पडली. अम्मा, आता जग बदललंय, वगैरे. गोमतीबाईंनी खाका गुंडाळून माझ्या हातात दिला, पण दुसरं टोक सोडलं नाही. "आधीं शब्द द्या."

मी शब्द दिला. मग त्यांनी टोक सोडलं, आणि वाटेत खायला म्हणून दहीभाताचा डबाही दिला.

गावी

मावशी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी कागद उलगडून दाखवला. त्यांनी पदराला हात पुसले आणि 'दु' च्या शेपटावरून बोट फिरवलं. नखानं खरडलं नाही. "हेच," म्हणाल्या. "असंच व्हतं."

मग अट सांगितली.  "मी लिव्हू? आरं, चौथी शिकलेली बाई मी. बँकेत सही करताना बी कारकून घाई करतोय."

"गोमतीबाई म्हणाल्या, तीच लिहील."

"म्हणाली व्हय?" त्यांनी तांदळात बोटं फिरवली. "किती वर्सांची हाय ती?"

"एक्याऐंशी."

"माज्याहून थोरली," मावशी म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये हजर झाल्या.

आठ दिवस शिकवणी चालली. मी गोमतीबाईंसारखा ओरडायचा प्रयत्न केला, पण मावशींसमोर आवाज निघेना. तसं ओरडायचं कामही पडलं नाही. तीस वर्षं नांगराची सरळ तास धरलेली बाई ती. रेघ सोडायची म्हणजे काय, हे मला दीड दिवसात कळलं ते त्यांना अर्ध्या तासात कळलं. एका वाटीचं पाणी सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजे दोन सरींच्या मधल्यावानी. मग तसं सांग की."

नवव्या दिवशी रॉकेल लावून रेडियमची अक्षरं सोलून काढली. खाका लावला, पुरचुंडी थोपटली, या खेपेला सुलट. लाल पत्र्यावर पांढऱ्या ठिपक्यांचं नाव उमटलं. मावशींनी काठी टेकवली. गॅरेजमधलं कंप्रेसर मी बंद करून ठेवलं होतं. 'इं' झालं. 'दु' झालं, शेपटासकट. 'म' च्या दांडीवर ब्रश ओढता ओढता, मान न वळवता त्या म्हणाल्या, "त्या हाटेलवाल्याला फोन लाव. न्हाई म्हणावं, इकायचा न्हाई."

मी लगेच लावला, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नाही म्हणालो आणि परत त्यांच्या मागे येऊन उभा राहिलो. 'ती' ची वेलांटी शेवटची. तेवढ्यात त्यांचा हात दमला असावा. ब्रश ठिपक्यांच्या बाहेर गेला आणि दांडीखाली बोटभर पिवळा फराटा उतरला. रंग ओला होता, एका पुसण्यानं निघाला असता. मी रॉकेलची चिंधी घेऊन पुढे वाकलो. मावशींनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "एकदा पुसलंस तेवढं पुरं झालं."

मी चिंधी खिशात घातली.